शिट्टी नेमकी कशाची वाजली? (व्हॉलीबॉल समजून घ्यायचाय)

रानमेवा (धागाकर्ती)

मुलगी सातवीत आहे. यंदा शाळेच्या चौदा वर्षांखालच्या व्हॉलीबॉल संघात तिची निवड झाली. घरात आनंदीआनंद! पण आमच्या घराण्यात क्रिकेट आणि कॅरम सोडून कुणी कधी काही खेळलेलं नाही. सामन्यांना मी आणि सासरे जाऊन बसतो, इतर पालक वाजवतील तेव्हा टाळ्या वाजवतो आणि दर दोन मिनिटांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. कारण बॉल छान इकडून तिकडे चाललेला असतो, खाली पडलेलाही नसतो, आणि पंच मधेच शिट्टी वाजवून समोरच्यांना पॉइंट देतात. का? देव जाणे.

दुसरं, सर्व्हिस झाल्याबरोबर सगळ्या मुली आपापली जागा सोडून धावत सुटतात, ते कशाला? एका मुलीचा टीशर्ट वेगळ्या रंगाचा असतो, तो का? आणि मुख्य म्हणजे सर म्हणाले की आमच्या कन्येला 'बूस्टर' करणार. सासरे नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, ती समोरची मुलगी उडी मारून धाडकन बॉल आपटते, तिला टाळ्या पडतात. आपली नात नुसती बॉल वर ढकलणार म्हणजे हमालीच झाली.

तर जाणकारांनी अगदी अ-आ-ई पासून सांगावं. विकी वाचून झालंय, डोक्यावरून गेलं.

पोह्यातला_शेंगदाणा

पहिला! वाचतोय. सासरेबुवांना माझा पाठिंबा.

पीटीचे_सर

ताई, अभिनंदन. बरीच वर्षं शाळेत हेच शिकवतोय, तेव्हा थोडं लांबेल.

या खेळात बॉल धरता येत नाही, ही मूळ गोष्ट. फुटबॉलवाला बॉल पायाखाली दाबून इकडेतिकडे बघू शकतो, बास्केटबॉलवाला टप्पे मारत विचार करतो. इथे काय तो विचार बॉल हवेत असतानाच. बाकीचे बहुतेक नियम त्यातूनच येतात. आपल्या बाजूला जास्तीत जास्त तीन टच, एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा लावायचा नाही, आणि बॉल हातात थांबता कामा नये. नेटवर ब्लॉक करताना, म्हणजे समोरून येणारा बॉल उडी मारून नेटवरच अडवताना, लागलेला हात या तिनात धरत नाहीत, त्यानंतर पुन्हा तीन टच मिळतात.

मैदान १८ मीटर बाय ९ मीटर, मधोमध नेट. पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४. लहान गटांना ती खाली असते. नेटपासून तीन मीटरवर जी रेघ असते ती अटॅक लाइन. नेटच्या दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या काड्या दिसतात ना, त्या अँटेना. बॉल त्यांच्या आतूनच पलीकडे गेला पाहिजे.

आता शिट्टी. पुढच्या वेळी शिट्टी वाजली की बॉलकडे बघू नका, पंचांच्या हाताकडे बघा. ते सगळं हातानेच सांगतात. दोन बोटं वर केली तर डबल टच. चार बोटं म्हणजे चौथा टच झाला. तळवा वर करून हात सावकाश उचलला तर होल्डिंग, म्हणजे बॉल मारला नाही, उचलला. नेटला हात लावून दाखवला की नेट टच. तर्जनी हवेत गोल फिरवली तर रोटेशन चुकलं. दोन्ही हात कोपरातून सरळ वर, तळवे स्वतःकडे, म्हणजे आउट. शालेय सामन्यात निम्म्याहून जास्त शिट्ट्या डबल आणि नेट टचच्या असतात, हे माझ्या अनुभवावरून सांगतो.

जागा सोडून पळण्याचं: प्रत्येक संघात सहा जण. तीन पुढे, तीन मागे. समोरच्यांची सर्व्हिस आपण तोडली की सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक घर सरकतात आणि उजव्या मागच्या कोपऱ्यात येईल त्याची सर्व्हिस. त्यामुळे प्रत्येकाला पुढेही खेळावं लागतं, मागेही. सर्व्हिस घेणाऱ्या बाजूने हा क्रम सर्व्हिस करणाऱ्याचा बॉलला हात लागेपर्यंत पाळायचा. एकदा सर्व्हिस सुटली की मोकळं रान, ज्याने त्याने आपल्या ठरलेल्या जागी पळायचं. बूस्टर नेटजवळ उजव्या अंगाला, मुख्य स्मॅशर डाव्या अंगाला, ब्लॉकर मधे. मागच्या ओळीत असलेल्याला मात्र अटॅक लाइनच्या पुढून उडी मारून नेटच्या वरचा बॉल मारता येत नाही. तसं झालं तरी शिट्टी.

सेट २५ चा, दोन पॉइंटची आघाडी लागते. पाच सेटचा सामना असेल तर पाचवा १५ चा. शाळेत बहुधा तीनच सेट खेळवतात.

वेगळ्या टीशर्टवाली आणि बूस्टरबद्दल दुसऱ्या कुणीतरी लिहा, जेवायला बोलावतायत.

गावठी_स्मॅशर

सरांनी झकास लिहिलंय. पण ताई, तुम्ही म्हणताय त्याला आमच्याकडं 'स्मॅशिंग' म्हणत्यात. आमच्या भागात खरा चालतो तो 'शूटिंग'! बॅनरवरच लिहिलेलं असतं, "भव्य शूटिंग व्हॉलीबॉल स्पर्धा", खाली प्रथम, द्वितीय, तृतीय बक्षीस, आन् पारितोषिक देणाऱ्यांचे फोटो खेळाडूंपेक्षा मोठे.

शूटिंगला ते बूस्ट-बिस्ट काय नाय. दोन्ही हात जोडायचे आन् बॉल सरळ पल्याड ठोकायचा. मागचा गडी जितका दणकट तितका संघ भारी. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या मैदानावर फक्की मारून, हॅलोजन लावून रातभर सामने. पहाटे चारला फायनल आन् बघायला गर्दी हाय तशी. चार-चार तालुक्यांतनं जीपा भरून संघ यायचे. मी पण खेळलोय, आता गुडघं बोलायला लागल्यात.

तिरकस

म्हणजे सर जो खेळ शिकवतात तो वेगळा आणि गावोगाव खेळतात तो वेगळा. ऑलिंपिकमध्ये आपण का दिसत नाही याचं उत्तर मिळालं.

गावठी_स्मॅशर

@तिरकस, गावात पोरं काय ऑलिंपिकसाठी खेळत नाहीत. संध्याकाळी मैदानावर येत्यात हेच लई हाय. तुमच्या सोसायटीत कोण येतंय खाली?

मोगऱ्याची_वेणी

बूस्टरवर मी लिहिणार. विद्यापीठाच्या संघात बूस्टर होते, नव्वदच्या दशकात. त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

रानमेवा, सासऱ्यांना सांगा, संघातला प्रत्येक दुसरा टच त्यांच्या नातीचा असणार आहे. पहिला कुणाचाही असेल, तिसरा कुणाचाही असेल, दुसरा तिचाच. बॉल कुणाला द्यायचा, किती उंच द्यायचा, नेटपासून किती लांब ठेवायचा हे सहा जणींपैकी एकटी तीच ठरवते. आणि हे ठरवायला मिळतो एक क्षण. त्यात पहिला पास नीट आला तर. तो बहुतेक वेळा येत नाही! मग तिला नेट सोडून मागे धावायचं, पाठ फिरलेली असताना बॉलच्या खाली पोचायचं आणि तिथून स्मॅशरच्या हाताला लागेल असा द्यायचा.

चांगला बूस्टर कसा ओळखायचा सांगते. बॉल बघू नका, समोरच्या ब्लॉकरचे पाय बघा. आपल्या मुलीने बॉल सोडला तरी ब्लॉकर अजून मधेच उभी आहे, किंवा उलट दिशेला दोन पावलं गेली आहे, याचा अर्थ बूस्टरने तिला फसवलं. मग स्मॅशरसमोर ब्लॉक एकीचाच किंवा कुणाचाच नाही. टाळ्या स्मॅशरला पडतात, पण पॉइंट तिथेच झालेला असतो. आमचे कोच स्मॅश बघतच नसत. बूस्ट झाला की वहीत काहीतरी खरडायचे आणि पुढच्या बॉलची वाट बघायचे.

समोरच्या संघाला न समजू देता सगळ्या बाजूंना बॉल देता यावा म्हणून बूस्टर हात नेहमी एकाच जागी, कपाळाच्या वर ठेवतो. पुढे दिला काय, डोक्यावरून मागे दिला काय, हात निघतात तिथूनच. हे जमायला वर्षं जातात. भिंतीवर बॉल मारत बसणं हाच एक उपाय. आमची भिंत शेजारच्यांची होती, त्या काकूंनी एकदा बॉल परतच दिला नव्हता.

डबल टचच्या शिट्ट्या सर्वात जास्त तिच्याच नावावर पडतील, तेव्हा पहिल्या वर्षी तरी ओरडू नका तिला.

पोह्यातला_शेंगदाणा

सासरेबुवांचा पाठिंबा काढून घेत आहे.

जुना_खेळिया

मोगरा, प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

सरांच्या प्रतिसादात पॉइंटची पद्धत आली, त्यावर माझं एक जुनं दुखणं. आमच्या वेळी सेट १५ चा असायचा आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्याला. दुसऱ्याने रॅली (एका सर्व्हिसपासून शिट्टीपर्यंतचा खेळ) जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळायची, 'सर्व्हिस चेंज' म्हणायचे. म्हणजे १४-१० वर हरत असलात तरी सर्व्हिस काढून घ्या, पुन्हा घ्या, पुन्हा घ्या, स्कोअर जागचा हलत नसे. काय झुंज असायची! १९९८-९९ पासून रॅली पॉइंट आला, दर शिट्टीला कुणाला ना कुणाला पॉइंट. सामना वेळेत संपतो, टीव्हीवाले खूश. पण एक सर्व्हिस नेटमध्ये घातली की फुकटचा पॉइंट गेला. १० पॉइंटने मागे पडलेला संघ परत येताना आता क्वचित दिसतो.

पीटीचे_सर

@जुना_खेळिया, काका, मान्य करणार नाही. जुन्या पद्धतीत सामना किती चालेल याचा पत्ता नसायचा. एका दिवसात तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे सामने संपवायचे असतात. कधी अर्ध्या तासात तर कधी दोन तासांत संपणारा सामना घेऊन वेळापत्रक कसं लावणार? शिवाय पाचव्या सेटला रॅली पॉइंट १९८८ च्या सुमारासच आला होता, नवीन काहीच नाही. आणि जुन्या पद्धतीत सर्व्हिस गेली तरी फरक पडत नसे म्हणून कितीतरी खेळाडू आळशीपणाने सर्व्हिस मारायचे हेही आठवा.

जुना_खेळिया

आळशीपणाने? आम्ही? असो.

मोगऱ्याची_वेणी

मला मधलं वाटतं. झुंज कमी झाली हे खरं, पण रिसीव्हची, म्हणजे समोरची सर्व्हिस नीट घेण्याची, किंमत वाढली हेही खरं. पूर्वी पहिला पास खराब गेला तर फार तर समोरचा एक पॉइंट पुढे जायचा आणि पुन्हा डाव मांडता यायचा, आता प्रत्येक खराब पासचा हिशोब लगेच. म्हणूनच त्याच सुमारास लिबेरो आला. रानमेवा, वेगळ्या टीशर्टची मुलगी ती हीच.

पीटीचे_सर

हो, तेच राहिलं होतं. लिबेरो १९९८ पासून. फक्त मागच्या ओळीत खेळते, मागच्या कुठल्याही खेळाडूच्या जागी आत-बाहेर करू शकते, आणि ते नेहमीच्या सहा बदल्यांत मोजत नाहीत. म्हणून पंचांना दुरून ओळखू यावी यासाठी रंग वेगळा. तिला ब्लॉक करता येत नाही, नेटच्या वरून बॉल मारता येत नाही. अटॅक लाइनच्या पुढे येऊन तिने बोटांनी बूस्ट दिला तर तो बॉल नेटच्या वरून स्मॅश करता येत नाही. शिट्टी वाजते, आणि ही शिट्टी प्रेक्षकांतल्या कुणालाच कळत नाही. उंची कमी आणि पाय चपळ अशा मुलींसाठी ही जागा म्हणजे वरदान.

तिरकस

उंचीचा विषय निघालाच आहे तर खरं बोलूया. सातवीतल्या मुलीला हौस म्हणून ठीक. पुढे सहा फूट उंची नसेल तर या खेळात कुणी विचारत नाही. लिबेरो हे सहात एकाचं सांत्वन झालं.

जुना_खेळिया

जपानने याचं उत्तर १९६४ सालीच दिलंय. त्या वर्षी टोकियोत व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला. जपानच्या महिला संघातल्या बहुतेक जणी निचिबो नावाच्या सूत कंपनीत कामाला होत्या. दिवसभर काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु, भयंकर कडक माणूस, आज कुणी तसं शिकवलं तर पालक पोलिसात जातील आणि योग्यच करतील. समोर सोव्हिएत संघ, उंच आणि ताकदवान. या मुलींनी काय केलं, तर बॉलसाठी सूर मारायचा, जमिनीवर गोल लोळायचं आणि त्याच झटक्यात उभं राहायचं. बॉल पडूच द्यायचा नाही. ३-० ने हरवून सुवर्ण घेतलं. खाली पडून बॉल काढायचं तंत्र मग जगभर पसरलं.

जपानच्याच पुरुष संघातला आजचा युजी निशिदा बघा, सहा फूट दोन इंचांच्या आसपास, आंतरराष्ट्रीय पुरुष स्मॅशरमध्ये बुटकाच म्हणायचा. सर्व्हिस बघा त्याची.

तिरकस

सहा फूट दोन इंच बुटका! माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात, धन्यवाद.

पोह्यातला_शेंगदाणा

😂😂 काका, सेल्फ गोल. (का या खेळात वेगळं काही म्हणतात?)

पीटीचे_सर

तिरकस यांचं वरच्या पातळीपुरतं खरं आहे. पण राज्याच्या पातळीपर्यंत बूस्टर, लिबेरो, चांगला रिसीव्ह असलेली स्मॅशर या सगळ्यांना जागा असते. आणि व्यवहाराचं बोलायचं तर राज्य, राष्ट्रीय स्पर्धांत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सैन्यदल यांचे संघ आहेत. आमच्या शाळेच्या मुली भरतीत गेल्यात. सगळ्यांनीच ऑलिंपिकला जायचं नसतं.

मस्कतकर

उशिरा आलो. इकडे आखातात व्हॉलीबॉल म्हणजे मल्याळी मंडळींचा प्राण. आमच्या लेबर कॅम्पच्या मागे दिवे लावून कोर्ट केलंय, गुरुवारी रात्री सामने. मी मराठी म्हणून मला आधी लाइनमन केलं, मग हळूहळू सर्व्हिसपुरता आत घेतला.

त्यांच्यात बसलात की जिमी जॉर्जचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूरचा. घरातले सगळे भाऊच खेळाडू. हा एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळवलेला, आधी अबू धाबीत आणि मग इटलीत व्यावसायिक लीग खेळला. त्या काळी भारतीय खेळाडू इटलीत पैसे घेऊन व्हॉलीबॉल खेळतोय ही कल्पनाच करवत नाही. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत आपल्याला कांस्य मिळालं, त्या संघात तो होता. पुढच्याच वर्षी इटलीत कार अपघातात गेला, वय बत्तीस. तिरुवनंतपुरमच्या इनडोअर स्टेडियमला त्याचं नाव आहे. लांब उडीवाली अंजू बॉबी जॉर्ज माहीत आहे ना? ती त्याच्या धाकट्या भावाची बायको.

जुना_खेळिया

वा, मस्कतकर! १९६२ ला जकार्तात तर रौप्य होतं आपल्याकडे. सोलनंतर मात्र आशियाई पदक नाही.

मस्कतकर

होय. पण २०२३ ला हांगझोऊमध्ये आपल्या पोरांनी दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवलं. पाचवा सेट १७-१५. कॅम्पमध्ये त्या रात्री जो आरडाओरडा झाला! पुढे उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून हरलो, शेवटी सहावा नंबर. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या.

रानमेवा

सगळ्यांचे मनापासून आभार! सासऱ्यांना मोगरातैंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "बूस्टर म्हणजे आपल्या वाड्यातल्या वहिनी, सगळं त्याच चालवायच्या आणि नाव दादांचं" असं म्हणाले. म्हणजे कळलं!

आता एक काळजी. हाताला मनगटाच्या वर लाल चट्टे उठतात तिच्या. आणि परवा बोट सुजलं होतं. हे नेहमीचं का?

हाडांचा_डॉक्टर

चट्टे नेहमीचे. अंडरहँड पास घेताना बॉल मनगटाच्या वरच्या सपाट भागावर लागतो, नव्या मुलांना पहिले काही आठवडे लाल होतंच. कमी होत नसेल तर बॉलमध्ये हवा जास्त भरलेली आहे का बघा, शाळांमध्ये बॉल दगड करून ठेवतात. नियमाप्रमाणे बॉलचं वजन २६० ते २८० ग्रॅम, आणि हवा अंगठ्याने दाबला तर किंचित दबेल इतपतच.

बोट: बूस्ट किंवा ब्लॉक करताना बॉल बोटाच्या टोकावर बसतो. बर्फ लावा, शेजारच्या बोटाला पट्टीने बांधा. पण बोट वाकडं दिसत असेल, टोक सरळ होत नसेल किंवा सूज उतरत नसेल तर एक्स-रे काढा. मैदानावर कुणी "ओढून बसवतो" म्हणाला तर हात देऊ नका. माझ्याकडे येणारी निम्मी बोटं आधी कुणीतरी ओढलेली असतात.

सगळ्यात जास्त दुखापत घोट्याची. नेटजवळ दोघी उडी मारतात आणि एक दुसरीच्या पायावर उतरते. म्हणून सेंटर लाइनचा, म्हणजे नेटखालची मधली रेघ पायाने न ओलांडण्याचा नियम गंभीरपणे घ्यायला शिकवा. आणि बूट घेताना धावायचे जाड टाचेचे घेऊ नका, सपाट तळव्याचे कोर्ट शूज घ्या. गुडघ्याला नी पॅड हवेतच.

गावठी_स्मॅशर

डॉक्टर, आमी अनवाणी खेळलो. म्हणून गुडघं बोलत्यात काय?

हाडांचा_डॉक्टर

गुडघे काय बोलतात ते बघूनच सांगता येईल. या एकदा.

नेब्रास्काची_निमा

अमेरिकेतून लिहितेय. इथे व्हॉलीबॉल शाळा-कॉलेजात मुलींचा खेळ मानतात, मुलगे त्या मानाने कमी. माझी मुलगीही खेळते. आणि इथलं वेड सांगते. ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा सामना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये भरवला. उघड्यावर, मधोमध कोर्ट. प्रेक्षक ९२,००३! महिलांच्या कुठल्याही खेळाला अमेरिकेत एवढी गर्दी जमली नव्हती. मुली खेळल्या, नंतर गाणी-बिणी. वरच्या रांगेतून बॉल मोहरीएवढा दिसत होता, पण कुणी उठलं नाही.

खेळ जन्मला तोही इथेच, मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी, १८९५ ला. विल्यम मॉर्गन नावाचा वायएमसीएचा शारीरिक शिक्षक. बास्केटबॉल चार वर्षं आधी शेजारच्या स्प्रिंगफील्डला निघाला होता, तो वयस्कर व्यापारी मंडळींना झेपेना, फार धक्काबुक्की. म्हणून मधे नेट टाकून दोन्ही संघ वेगळे केले. थोडक्यात ढेरपोट्या काकांसाठी काढलेला खेळ आहे.

पोह्यातला_शेंगदाणा

माझ्यासाठी खेळ निघाला आणि मला १३० वर्षांनी कळतंय.

जुना_खेळिया

गर्दीवरून आठवलं. रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये, जुलै १९८३, ब्राझील विरुद्ध सोव्हिएत संघ, पुरुष. उघड्यावर, पावसात, ९५ हजारांच्या वर माणसं. त्या ब्राझील संघात बर्नार्ड राजमान होता. सर्व्हिस करताना खालून हाताने बॉल इतका उंच मारायचा की छताच्या दिव्यांमधून खाली यायचा. घेणाऱ्याला डोळे किलकिले करून वर बघत बसावं लागे. आता सगळे उडी मारून दणकट सर्व्हिस करतात, मोठ्या खेळाडूंची ताशी १३० किलोमीटरच्या वर जाते. ती मजा गेली.

तिरकस

जुन्या काळातली कुठली मजा राहिलीय अशी एक यादी करा काका, वेगळा धागा काढू.

मोगऱ्याची_वेणी

फ्लोट सर्व्हिस राहिलीय की! रानमेवा, लेकीला उडी मारून सर्व्हिस करायची घाई करू देऊ नका. फ्लोटमध्ये बॉलला अजिबात फिरकी द्यायची नाही, तळव्याने मधोमध टपकन मारायचा आणि हात तिथेच थांबवायचा. बॉल फिरत नसल्यामुळे हवेत डावीउजवीकडे हलतो, ऐनवेळी खाली बसतो. घेणारीचे हात जागेवर असतात आणि बॉल नसतो. चौदा वर्षांखालच्या गटात चांगल्या फ्लोटवर सलग पाच-सहा पॉइंट निघतात. शिट्टीनंतर आठ सेकंदांत सर्व्हिस करायची, एवढं तिच्या डोक्यात बसवा. मुली श्वास घेत बसतात आणि वेळ जाते.

समुद्रपक्षी

गोव्यातून नमस्कार. बीच व्हॉलीबॉलचा उल्लेख कुणीच केला नाही? दोघांचा संघ, कोर्ट १६ बाय ८, सेट २१ चा. रेतीत उडी अर्धी होते आणि दम दुप्पट लागतो. आणि तिथे ब्लॉकचा टच मोजतात, त्यामुळे इनडोअरवाले येऊन पहिल्याच दिवशी चौथा टच करून बसतात. सुट्टीत आलात तर रेतीत खेळवा मुलीला, पाय मजबूत होतात, गुडघ्यांना त्रास नाही.

विराम_चिन्ह

बसून खेळायचा व्हॉलीबॉलही असतो. माझा भाऊ खेळतो, एक पाय नाही त्याला. कोर्ट १० बाय ६, नेट पुरुषांना १.१५ मीटर. बॉल मारताना बूड जमिनीवर टेकलेलं हवं. इनडोअरमध्ये सर्व्हिस ब्लॉक करता येत नाही, इथे करता येते, त्यामुळे खेळ भयंकर वेगवान. १९८० पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. इराणचा मोर्तझा मेहरझाद, २.४६ मीटर उंच, तो या खेळातला बादशहा. धडधाकट माणसांनी एकदा बसून खेळून बघावं, हातांनी सरकत बॉलपर्यंत पोचणं काय असतं ते कळेल. आम्ही घरातले सगळे हरतो त्याच्याकडून.

पीटीचे_सर

उत्तम माहिती, विराम. शाळेत पावसाळ्यात हॉलमध्ये हा प्रकार घेता येईल, डोक्यातच आलं नव्हतं. नेटऐवजी दोरी बांधली तरी चालेल ना?

विराम_चिन्ह

चालेल सर, दोरीवर ओढणी टाका म्हणजे वरून गेला की खालून यावर भांडणं नकोत.

रानमेवा

आज सामना झाला, जिल्ह्याला गेल्या मुली! पंचांच्या हाताकडे बघत बसले आणि बहुतेक शिट्ट्या कळल्या. सासरे तर शेजारच्या पालकांना "डबल, डबल" सांगत होते.

पण एक कळलं नाही. दुसऱ्या सेटला २३-२२ वर आमच्या मुलींचा पॉइंट होईल असं वाटलं, समोरच्या मुलीचा स्मॅश सरळ बाहेर गेला, रेषेच्या चांगला हातभर पलीकडे. लाइनमनने झेंडा उभा धरून त्याच्या टोकावर तळवा ठेवला आणि पॉइंट त्यांना! मैदानात बोंबाबोंब. आमच्या सरांनीही वाद घातला नाही, उलट कन्येकडे बघून मान हलवली. ती म्हणते "मला लागला नव्हता". हे काय होतं?

पीटीचे_सर

तो 'टच'चा इशारा. तुमची कन्या ब्लॉकला उडाली होती ना? तिच्या बोटाला बॉल लागून मग बाहेर गेला. ब्लॉकच्या हाताला लागून बाहेर पडलेला बॉल ब्लॉक करणाऱ्याचा दोष. लाइनमनला ते बाजूने स्पष्ट दिसतं.

मोगऱ्याची_वेणी

आणि तिला लागलं होतं हे तिलाही माहीत आहे. 😄 सगळ्याच "मला नाही लागला" म्हणतात. मी विद्यापीठापर्यंत म्हणत होते. चांगली स्मॅशर मुद्दाम ब्लॉकच्या बाहेरच्या हातावर मारते, कोर्टात मारायचा प्रयत्नच करत नाही. तिला सांगा, नेटच्या टोकाशी ब्लॉक करताना बाहेरचा तळवा कोर्टाच्या आतल्या बाजूला वळवायचा. बॉल लागला तरी आत पडेल.

रानमेवा

विचारलं. "थोडासा लागला होता" इथपर्यंत आलीय गाडी.

गावठी_स्मॅशर

शूटिंगला असले इशारे-बिशारे नाय बघा. लागला का नाय यावर दोन्ही गावं आत येत्यात. जिल्ह्याचा सामना कधी हाय? मैदान जवळ असंल तर येतो बघायला, गुडघं घेऊन.

पोह्यातला_शेंगदाणा

डॉक्टरांकडे जाऊन मग या. शूटिंगचा वेगळा धागा काढा राव, इथे दहा जणांनी मागितलंय.